मधुमालती भिंतीवरून नाही, भिंतीखालून येते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सहकारनगरला जुना बंगला आहे, शेजारच्या काकांची मधुमालती कंपाउंडवरून तुमच्याकडे येते, दर महिन्याला कापता तरी पावसात पुन्हा तेवढीच, आता ती लिंबावर चढलीय, कढीपत्त्याच्या आळ्यात पण तिचे धुमारे यायला लागलेत, काका म्हणतात "आमच्या हिने लावलेली आहे, हात लावायचा नाही", आणि नर्सरीवाल्याने तण मारायचं औषध सुचवलंय ते मारू का. मी बरीच वर्षं पुण्यात बंगल्यांच्या नि सोसायट्यांच्या बागा बघते, कोथरूड-कर्वेनगरपासून औंधपर्यंत, आणि शेजाऱ्यांची वेल ही तक्रार दर पावसाळ्यात येतेच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी औषधाचं, कारण बाटली घरात आली की हात शिवशिवतात. मारू नका. तणनाशक म्हणून जे सुचवतात ते बहुतेक वेळा ग्लायफोसेट असतं आणि २०२२ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय कोणी वापरायचंच नाहीये, घरच्या बागेत आपण पंप घेऊन फवारायचा तर प्रश्नच नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी ते इथे चुकीचंच आहे. ते पानावर पडलं की पानापुरतं राहत नाही, आत शोषलं जाऊन मुळापर्यंत उतरतं, बनवलंयच त्यासाठी. आणि तुमच्या आळ्यातला धुमारा हे काही वेगळं रोप नाहीये, काकांच्या झाडाच्या मुळीवरच फुटलेला आहे तो. म्हणजे तुम्ही फवारणार अलीकडे आणि पिवळी पडणार पलीकडे, मग काका म्हणणार शेजाऱ्यांनी विष घातलं, आणि ते खोटंही नसेल. वर तुमच्या कढीपत्त्याच्या कोवळ्या फुटीवर दोन थेंब उडाले तर तोही गेला. मीठ, रॉकेल, बाथरूमचं ॲसिड, मुळाशी हिंग, हे घरगुती उपाय पण मला दरवर्षी कोणीतरी सांगतंच. हिंगाने मेलेलं झाड मी अजून पाहिलेलं नाही, मिठाने मेलेली माती मात्र पाहिलीय, तिथे पुढे गवत पण धड येत नाही.

आता खरा मुद्दा. वेल भिंतीवरून लोंबताना दिसते म्हणून आपण भिंतीवरचंच कापत बसतो, आणि मधुमालतीच्या बाबतीत तिथेच सगळी मेहनत वाया जाते. तिच्या मुळ्या आडव्या पसरतात, जुन्या दगडी कंपाउंडच्या फटींमधून, पाणी जायला ठेवलेल्या भोकांमधून, पाया उथळ असेल तर सरळ पायाखालून, आणि जिथे जरा ओल नि ऊन मिळेल तिथे वर डोकं काढतात. तुम्ही वरचा भाग छाटता तेव्हा मुळं तशीच्या तशी असतात, त्यांच्याकडे साठा असतो, मग त्या जोमाने फुटतात, आणि जून ते सप्टेंबर तर विचारायलाच नको. एका फांदीच्या जागी चार येतात असं तुम्ही लिहिलंय ना, ते अगदी बरोबर आहे, छाटणीने दाट होणारंच झाड आहे ते.

तर काम खाली करायचं. पावसाची दोन-तीन दिवस उघडीप बघा, माती ओलसर हवी पण चिखल नको. एक धुमारा घ्या, तो उपटू नका, उपटला की वरचा भाग हातात येतो आणि खालचा महिनाभराने पुन्हा हजर. खुरप्याने बुडाशी माती बाजूला करत जा. वीतभर, फार तर हातभर खाली गेलात की करंगळी ते अंगठ्याएवढी जाड, तपकिरी, आडवी पळणारी मुळी लागेल आणि धुमारा तिच्यावर खुंटी ठोकल्यासारखा उभा दिसेल. तिचं एक टोक भिंतीकडे जातं, दुसरं तुमच्या बागेत पुढे सरकत असतं, आणि त्या दुसऱ्या टोकाकडे अजून वर न आलेले पांढरट कोंब सापडतात, पुढच्या महिन्यात कुठे काय उगवणार होतं ते तिथेच कळतं. भिंतीकडची बाजू भिंतीपासून फूटभर अंतरावर लॉपरने, म्हणजे लांब दांड्यांच्या मोठ्या कात्रीने, नाहीतर छोट्या करवतीने कापायची, सिकेटरने, म्हणजे एका हाताच्या छाटणीच्या कात्रीने, जोर लावलात तर सिकेटरच वाकेल. आणि मग पुढची मुळी माती सैल करत करत अख्खी काढायची. अख्खी म्हणतेय कारण मधुमालती मुळीच्या तुकड्यापासूनही लागते, घाईघाईत कुदळीने चार तुकडे करून मातीत सोडलेत तर चार झाडं.

एक सांभाळा, कढीपत्त्यालाही स्वतःच्या मुळ्यांवर फुटवे येतात. कोवळं असताना दोन्ही हिरवंगार आणि माळी नवीन असला तर सरसकट काढून टाकतो. मधुमालतीची पानं साधी आणि समोरासमोर जोडीने असतात, कोवळी असताना बोटाला लवदार लागतात. कढीपत्त्याचं तर ओळखू येतंच, एका दांडीवर बारीक पानांची रांग, आणि तरी शंका आली तर पान चुरगाळून वास घ्या.

लिंबाचं वेगळं आहे. त्यावरची वेल ओढून काढायची नाही, कितीही राग आला तरी. मधुमालतीचं पान गळतं पण देठाचा बुडखा फांदीवर तसाच राहतो, कडक होतो, आणि त्याचा बाकदार काटा तयार होतो, त्याच्याच आधाराने ती वर जाते. हिरवी वेल ओढलीत की हे काटे लिंबाची साल सोलत येतात, कोवळ्या फांद्या मोडतात, आणि लिंबाचे स्वतःचे काटे आहेतच तुमच्या हाताला. भिंतीवरून ज्या फांद्या लिंबाकडे गेल्यात त्या तुमच्या हद्दीत भिंतीजवळ एकदा कापा आणि लिंबाच्या अलीकडे अजून एकदा, मधला तुकडा काढून टाका. जी तुमच्याच जमिनीतून वर चढलीय ती घोट्याजवळ नि कमरेजवळ कापा, मधला भाग काढा. वरचं जे उरलं ते झाडावर तसंच वाळू दे. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत वाळतं, आत्ता पावसात महिना-दीड महिना धरा. वाळलं की पिळे सैल पडतात, हाताने तुकडे तुकडे करून निघतं. काढताना खोडाला कुठे वेलीचा करकचून वेढा पडून वळ उठलाय का ते बघा, असेल तर तेवढा वेढा लगेच सिकेटरने तोडा, वाळायची वाट बघू नका. आणि हे सगळं करायच्या आधी आत डोकावा, अशा जंजाळात बुलबुल हमखास घरटं करतात, अंडी-पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत तेवढा कोपरा सोडा, दोन-तीन आठवड्यांत पिल्लं जातात. फुलोरी माश्यांचं छोटंसं पोळं पण असू शकतं, एखाद्या फांदीभोवती तळहाताएवढं लटकलेलं, ते न बघता हात घातला तर दिवस वाया.

कायद्याचं बऱ्याच जणांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. दुसऱ्याची वेल किंवा फांदी तुमच्या हद्दीत आली तर हद्दीपर्यंतचं तुम्ही कापू शकता. हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९४ मध्ये लेमन विरुद्ध वेब खटल्यात पक्कं केलं, आणि आपल्याकडच्या कोर्टांनीही तेच धरलंय. नोटीस द्यायलाच पाहिजे असंही नाही, फक्त त्यांच्या जागेत पाय ठेवायचा नाही. म्हणजे भिंतीवर चढून पलीकडे वाकून बुडापासून साफ करणं बसत नाही, हद्दीची रेघ सरळ वर आकाशात जाते असं समजा नि त्या रेघेच्या अलीकडचंच कापा. मुळ्यांनाही तेच. कापलेला माल तांत्रिकदृष्ट्या मालकाचा असतो, म्हणून काही लोक तो भिंतीवरून परत फेकतात आणि तिथून खरी भांडणं सुरू होतात, फेकू नका, विचारा आणि स्वतः विल्हेवाट लावा. काका म्हणतात तसं "हात लावायचा नाही" हे त्यांच्या बाजूपुरतं खरं, तुमच्या बाजूला नाही. पण झाडाची गोष्ट वेगळी. वेल काढता काढता लिंबाच्या, आंब्याच्या मोठ्या फांद्याही उडवाव्या असं वाटलं तर थांबा, झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी महाराष्ट्रात १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा लागू होतो आणि महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो.

वेल विजेच्या तारेवर किंवा खांबाच्या ताणावर गेली असेल तर तिथे ना तुम्ही ना माळी, महावितरणला कळवा. ओल्या वेलीला लोखंडी कोयता लावणारे लोक मी बघितलेत, त्यांना नमस्कार.

आता काका. माझ्या अनुभवात वेलीपेक्षा हे अवघड असतं, पण त्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे मालकाला तुमची बाजू दिसतच नाही. त्यांच्या बाजूने ती वेल बहुतेक बोडकी असणार, चार जाड खोडं आणि खाली पाचोळा, आणि सगळा फुलोरा तुमच्याकडे. कारण वेल उन्हाकडे जाते. पुण्यात साधारण मध्य मे ते जुलैअखेर सोडलं तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच कललेला असतो, त्यामुळे भिंतीच्या उत्तरेला लावलेली वेल भिंतीवर पोचली की दक्षिणेकडच्या अंगणात ओतली जाणार म्हणजे जाणारच. तुम्ही काकांच्या दक्षिणेला राहता का ते बघा, मला खात्री वाटतेय की हो. तसं असेल तर त्यांनी कितीही छाटली तरी ती तुमच्याकडेच येणार, आणि हे त्यांच्या दुर्लक्षामुळे होत नाहीये हे तुम्ही आधी बोलून दाखवलंत तर अर्धा ताण तिथेच उतरतो.

सोसायटीच्या किंवा कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका. त्यांना चहाला बोलवा, संध्याकाळी, फुलं उमलायच्या वेळेला, तुमच्या अंगणात खुर्ची टाका नि लिंबाकडे तोंड करून बसवा. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी होतं आणि दोन-तीन दिवसांत लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग असतात, काकूंनी लावलेली वेल किती फुललीय ते त्यांना तुमच्याकडूनच दिसेल. मग सांगा की वेल काढायची नाहीये, लिंबू वाचवायचंय. आणि मागायचं काय ते आधी ठरवून ठेवा, "काहीतरी करा" असं म्हटलं की कोणीच काही करत नाही. मी तीन गोष्टी मागेन. त्यांच्या बाजूला भिंतीपासून दीड-दोन फूट आत लोखंडी कमान किंवा पाइपचा मांडव, म्हणजे वेलीचं वजन भिंतीवरून उतरेल आणि वर पसरायला उन्हातली जागा मिळेल. दर फेब्रुवारीत एक कडक छाटणी, थंडीत तिची वाढ मंदावलेली असते तेव्हा, उन्हाळ्यात नव्या फुटीवर फुलं येतातच त्यामुळे काकूंच्या फुलांचं काही नुकसान नाही. आणि दोन्ही घरांना एकच माळी, खर्च निम्मा निम्मा. हा शेवटचा उपाय सगळ्यात चालतो, कारण माळ्याला दोन्ही अंगणांत जाता येतं, हद्दीचा प्रश्नच मिटतो.

कुठली वेल आहे त्यावर छाटणी कधी मागायची तेही ठरतं बरं का. शेजारी संक्रांतवेल असेल, ती केशरी नळ्यांच्या फुलांची, तर डिसेंबरमध्ये छाटा म्हणायला जाऊ नका, वर्षभर ज्याची वाट बघितली ते जानेवारीत फुलणार असतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बहर सरला की बोला.

मुळ्या पुन्हा येऊ नयेत म्हणून आडकाठी घालायची असेल तर भिंतीला समांतर चर खणून त्यात उभी शहाबादी फरशी किंवा जाड एचडीपीई शीट, म्हणजे कडक प्लास्टिकचा पत्रा, बसवतात. मला शहाबादी बरी वाटते, जुन्या बंगल्याच्या मागे चार-सहा फरश्या पडलेल्या असतातच, फक्त सांधे एकमेकांवर यायला हवेत, मुळी बोटभर फटीतून पण जाते. दीड-दोन फूट खोल आणि वर मातीच्या दोन-तीन बोटं बाहेर, नाहीतर मुळी वरून उडी मारते. पण हे आत्ता करू नका. चर भिंतीपासून निदान दीड-दोन फूट लांब, एका वेळी चार-पाच फुटांचा तुकडा, तो भरून मग पुढचा, आणि पाऊस पूर्ण थांबल्यावर. पावसाळ्यात कंपाउंडच्या बुडाशी खणणं ही पुण्यात चेष्टेची गोष्ट नाही, जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत कोसळून १५ माणसं गेली होती. तुमची भिंत छोटी असेल, तरी भिजलेल्या वेलीचं वजन, वारा आणि खालून सैल केलेली माती हे एकत्र यायला नको. भिंत आधीच एका बाजूला कललेली दिसत असेल तर माळी नाही, गवंडी किंवा इंजिनिअर बोलवा.

हे वाचून ज्यांच्याकडे दुसरी वेल आहे त्यांच्यासाठी थोडं. बोगनवेलीचा त्रास काट्यांचा, मुळ्यांचा नाही, जाड चामडी हातमोजे घाला, छाटा, विषय संपला. आइसक्रीम क्रीपर, ती गुलाबी फुलांची नाजूक दिसणारी, तिच्या नाजूकपणावर जाऊ नका, खाली कंद असतात, वरचं सगळं साफ केलं तरी कंदातून येते, खणून कंद काढावे लागतात आणि ते काम एका सीझनमध्ये संपत नाही. भिंतीला चिकटून चढणारी बारीक पानांची फायकसची वेल हिरवी असताना खेचू नका, रंग नि प्लास्टर घेऊन येते, बुडाशी कापून वाळू द्या मग तारेच्या ब्रशने घासा. वरच्या मजल्यावरून लोंबणारी पडदावेल निरुपद्रवी, ती कुठे धरत नाही, आपल्या उंचीला कात्रीने सरळ रेघ मारा, फक्त तिची बारीक वाळकी पानं बाल्कनीच्या पाण्याच्या जाळीत अडकतात ती पावसाआधी काढत जा.

गुळवेल मात्र वस्ताद आहे. हृदयाच्या आकाराची पानं, आणि कोविडनंतर घरोघरी लावली गेली, औषधी म्हणून तोडायला कोणी धजत नाही. तिला खाली कापून वर सोडून दिली तर झाडावर लटकलेला तुकडा वाळतच नाही, दोऱ्यासारखी बारीक मुळी खाली सोडतो, ती वाढत वाढत जमिनीला टेकते आणि पुन्हा वेल चालू. म्हणून लिंबासाठी जी दोन कापांची पद्धत सांगितली ती गुळवेलीला नाही, ती वरून पूर्ण उतरवावीच लागते. आणि पिवळे दोरे दिसतायत, पान नाही, मूळ नाही, तर ती अमरवेल, ती ज्या फांदीवर बसलीय ती फांदीच काढायची, कारण तिचा तुटलेला तुकडा शेजारच्या फांदीला पुन्हा चिकटतो.

काढलेल्या मालाचं काय करायचं हे कोणी विचारत नाही आणि मग तो कोपऱ्यात पडून तिथेच रुजतो. मुळ्या आणि धुमारे ओले असताना कंपोस्टमध्ये टाकू नका. गच्चीवर किंवा फरशीवर पसरून कडकडीत वाळवा, आत्ता ऊन नाही तर काळ्या प्लास्टिकच्या गोणीत तोंड बांधून ठेवा, कुजून जातं, मग कंपोस्टला चालतं. फांद्यांचे हातभर तुकडे करून ठेवा, ढीगभर बागकचरा रोजच्या ओल्या कचऱ्यात कोणी घेत नाही, वॉर्ड ऑफिसला विचारून किंवा माळ्याला सांगून वेगळा पाठवा. नाल्याकाठी टाकणं नको, तिथे ती आणखी छान वाढेल. जाळणं तर अजिबातच नको.

तुमच्यासाठी क्रम म्हणाल तर लिंबावरचे काप आजच घ्या, घरटं नसेल तर पंधरा मिनिटांचं काम आहे, ते वाळेपर्यंत उघडीप मिळेल तसे कढीपत्त्याच्या आळ्यातले धुमारे खणून काढा. नवे धुमारे येतील, पहिल्या वर्षी येतातच, दर पंधरा दिवसांनी आळ्यात नजर टाकून वीतभर व्हायच्या आत काढत गेलात की भिंतीकडून तुटलेल्या मुळीतला साठा संपतो. काकांशी बोलणं गणपतीच्या आधी उरका, म्हणजे दिवाळीनंतर फरशीचा चर आणि फेब्रुवारीत छाटणी हे दोन्ही त्यांना सांगून होईल. नर्सरीवाल्याची बाटली घेतली असेल तर सील न फोडता परत द्या.